‘कॅनॉट ओपन सोर्स फाइल’: जीपीयूचा कोड रनटाइमला कंपाइल होतो, पण हेडर सापडत नाही

कूडामध्ये, म्हणजे एनव्हीडियाच्या जीपीयू प्रोग्रॅमिंगच्या व्यवस्थेत, कोड लिहिणाऱ्या बहुतेकांनी लॉगमधली ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते. ‘कॅटास्ट्रॉफिक एरर: कॅनॉट ओपन सोर्स फाइल’ आणि पुढे अवतरणात एखाद्या हेडरचं, म्हणजे इन्क्लूडनं कोडमध्ये जोडायच्या फाइलचं, नाव, बहुतेक वेळा ‘वेक्टर_टाइप्स.एच’ किंवा ‘कूडा_एफपी१६.एच’. खाली ‘कंपायलेशन टर्मिनेटेड’. पायथनमधून काम करत असाल तर सगळ्यात शेवटी ‘एनव्हीआरटीसी_एरर_कंपायलेशन’ आणि कंसात ६ हा आकडा.

गेल्या दीड वर्षात मला ही ओळ चार वेगवेगळ्या मशीनवर भेटली, आणि दर वेळी कारण वेगळं निघालं. पहिल्या तीन वेळा मी फक्त ते मशीन दुरुस्त केलं, म्हणूनच चौथी वेळ आली. खाली लिहिलंय ते त्या चार वेळांतून जमलेलं आहे. फाइलींची आणि ऑप्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत, मूळ स्पेलिंगनं जातील.

माझा कोड फार मोठा नाही. उपग्रहाच्या प्रतिमांवर फिल्टर चालवणारं चाळीसेक ओळींचं कर्नल (जीपीयूवर चालणारं फंक्शन), क्यूपाय या पायथनमधून जीपीयू वापरायच्या लायब्ररीच्या रॉकर्नलमध्ये स्ट्रिंग म्हणून लिहिलेलं. वर्षभर नीट चाललं. मग मेमरी वाचवण्यासाठी मी फ्लोटऐवजी हाफ, म्हणजे १६ बिटांचे आकडे वापरायचं ठरवलं आणि वर एक इन्क्लूडची ओळ घातली. माझ्या डेस्कटॉपवर चाललं. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याचा फोन: “अरे, तुझा कोड इकडे उठतच नाहीये.”

हे असं का होतं ते आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचे उपाय नुसते तोडगे वाटतील.

नेहमीच्या पद्धतीनं कूडाचा कोड एनव्हीसीसी या कंपायलरनं कंपाइल होतो. एनव्हीसीसी कूडाच्या टूलकिटसोबत येतो, टूलकिटचं इन्क्लूड फोल्डर कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि सीपीयूच्या बाजूसाठी तो जीसीसीसारख्या कंपायलरला हाताशी घेतो. त्यामुळे सिस्टिमची हेडरंही आपसूक मिळतात. एनव्हीआरटीसीचं तसं नाही. २०१५ साली कूडा ७ सोबत आलेली ही एक लायब्ररी आहे. तिला सोर्स स्ट्रिंग म्हणून द्यायचा, ती चालत्या प्रोग्रॅममध्येच तो कंपाइल करून पीटीएक्स (जीपीयूची मधली भाषा) किंवा थेट क्यूबिन (जीपीयूवर चालणारी बायनरी) परत देते. ती फक्त जीपीयूच्या बाजूचा कोड पाहते, म्हणून तिला जीसीसी लागत नाही. आणि जीसीसी नाही म्हणजे जीसीसीला माहीत असलेली हेडरांची ठिकाणंही नाहीत. टूलकिट मशीनवर असलं तरी ते शोधायला ती जात नाही.

तिच्यापर्यंत हेडर पोचवायच्या भरवशाच्या वाटा दोनच. एक, प्रोग्रॅम तयार करताना हेडरचा मजकूर आणि त्याचं नाव सोबत द्यायचं. दोन, कंपाइल करताना डॅश-आय ऑप्शननं फोल्डर सांगायचं; यातला आय कॅपिटल. ‘कूडा_पाथ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केलं की काम होतं असं अनेकांना वाटतं, मलाही वाटायचं. पण ते वाचते ती क्यूपायसारखी वरची लायब्ररी, आणि तीच त्यातून डॅश-आय बनवून एनव्हीआरटीसीला देते. तुम्ही सी++मधून एनव्हीआरटीसी थेट वापरत असाल तर हा मधला माणूस नाही, सगळं तुम्हालाच द्यायचंय.

आता फसवणारी गोष्ट. बऱ्याच गोष्टी एनव्हीआरटीसीच्या पोटातच आहेत. थ्रेडआयडीएक्स, ब्लॉकआयडीएक्स, डिम३, फ्लोट४ हे प्रकार, साइनएफसारखी गणिती फंक्शनं, अगदी प्रिंटएफसुद्धा. यासाठी एकही इन्क्लूड लागत नाही. म्हणून साधी कर्नलं महिनोन्‌महिने सुरळीत चालतात आणि मशीनवर हेडर नाहीत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. ज्या दिवशी हाफ, बीफ्लोट१६ (१६ बिटांचाच आणखी एक प्रकार), क्युरँड (यादृच्छिक आकड्यांची लायब्ररी) किंवा कोऑपरेटिव्ह ग्रुप्स (थ्रेडांचे गट हाताळायची सोय) लागतात, त्या दिवशी ते उघड होतं. ‘काल तर चालत होतं’ हे वाक्य इथे खरं असतं, पण तपासाला ते उपयोगी पडत नाही.

आधी नाव वाचा

लॉगमध्ये ज्या हेडरचं नाव आलंय ते कुठल्या घरचं आहे, हे ठरवलं की अर्धं काम झालं. सी++मधून काम करणाऱ्यांनी एरर कोड छापून थांबू नये. ‘गेट प्रोग्रॅम लॉग’ हे फंक्शन बोलावून लॉगचा पूर्ण मजकूर छापावा. नुसत्या ६ या आकड्यावरून काहीच कळत नाही, सेमीकोलन चुकला तरी तोच आकडा येतो.

नाव वेक्टर_टाइप्स, कूडा_एफपी१६, कूडा_बीएफ१६, कोऑपरेटिव्ह_ग्रुप्स किंवा एमएमए असेल तर ती कूडाची स्वतःची हेडरं. मशीनवर ती नाहीत, किंवा आहेत पण रस्ता सांगितलेला नाही. इथे एक नेहमीचा घोळ: तुमच्या कोडमध्ये वेक्टर_टाइप्सचं नावही नसतं, तरी एरर त्याच नावानं येते. कारण एक हेडर दुसऱ्याला बोलावतं. कूडा_एफपी१६.एच हे वेक्टर_टाइप्स.एच मागतं आणि पुढे कूडा_एफपी१६.एचपीपी मागतं. म्हणून हरवलेली एकच फाइल कुठून तरी आणून टाकायचा उद्योग करू नका. मी पहिल्या वेळी तेच केलं. एक फाइल टाकली की पुढची मागितली जायची, असं चार वेळा. पूर्ण फोल्डर द्या.

सहकाऱ्याच्या मशीनवर कारण हेच होतं. त्यानं कॉन्डाही घेतलं नव्हतं, टूलकिटही नव्हतं. फक्त ड्रायव्हर आणि पिपनं (कॉन्डासारखंच पॅकेजं बसवायचं साधन) बसवलेली पॅकेजं. क्यूपायच्या बाबतीत कूडा १२.२ पासून कर्नल कंपाइल व्हायला कूडा रनटाइमची हेडरं लागतात, आणि क्यूपायच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पिपवर ‘एनव्हीआयडीआयए-कूडा-एनव्हीआरटीसी-सीयू१२’ या पॅकेजमध्ये कंपायलरची लायब्ररी येते, हेडरं येत नाहीत. ती ‘एनव्हीआयडीआयए-कूडा-रनटाइम-सीयू१२’ मध्ये असतात. नावात रनटाइम असल्यामुळे त्यात हेडर असतील असं कुणाला सुचत नाही, पण असतात. ते बसवलं की साइट-पॅकेजेसमध्ये एनव्हीआयडीआयए, मग कूडा_रनटाइम, मग इन्क्लूड असं फोल्डर दिसतं. त्यानंतर क्यूपायमधलं ‘शो_कॉन्फिग’ चालवा. ‘कूडा एक्स्ट्रा इन्क्लूड डिर्स’ या ओळीसमोर तो रस्ता आला की क्यूपायला हेडर सापडली. ओळीसमोर रिकामा कंस असेल तर अजून सापडलेली नाहीत, पुढे कर्नल चालवून बघण्यात अर्थ नाही.

क्युरँड_कर्नल.एच मात्र रनटाइम पॅकेजात नसतं. ते क्युरँडच्या स्वतःच्या पॅकेजासोबत येतं.

कॉन्डा-फोर्जवरून कूडा १२ घेतलेलं असेल तर पॅकेजाचं नाव ‘कूडा-कूडार्ट-डेव्ह’. तिथे हेडरं एन्व्हायर्नमेंटच्या थेट इन्क्लूडमध्ये नसून टार्गेट्स, एक्स८६_६४-लिनक्स, इन्क्लूड अशा आतल्या फोल्डरात बसतात. जुन्या स्क्रिप्टमध्ये हातानं लिहिलेला रस्ता असेल तर तो इथे चुकतो. तसंच उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून ‘एनव्हीआयडीआयए-कूडा-टूलकिट’ घेतलं तर हेडरं /यूएसआर/लोकल/कूडा खाली न जाता सरळ /यूएसआर/इन्क्लूड मध्ये जातात. हा तपशील पुढे लागणार आहे.

कंटेनरमधली वेळ

दुसऱ्यांदा ही ओळ सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी) आली. मी आत शिरून /यूएसआर/लोकल/कूडा खालचं लायब्ररीचं फोल्डर पाहिलं: लिबएनव्हीआरटीसी जागेवर. शेजारचं इन्क्लूड पाहिलं: हवी ती एकही फाइल नाही. मग कंटेनर ज्या इमेजवरून बनला होता तिचं नाव नीट वाचलं. एनव्हीडियाच्या कूडा इमेजेस तीन प्रकारच्या असतात: बेस, रनटाइम आणि डेव्हल. माझी रनटाइम होती. त्यात चालवायच्या लायब्ररी असतात, हेडरं आणि एनव्हीसीसी फक्त डेव्हलमध्ये.

नावावरून गैरसमज होणं साहजिक आहे. आपण म्हणतो, मी इथे काही बांधत नाहीये, फक्त चालवतोय, म्हणजे रनटाइम पुरे. पण कर्नल रनटाइमला कंपाइल होणार असेल तर हेडर ही चालवण्याच्या वेळची गरज झाली. लिबएनव्हीआरटीसी जितकी आवश्यक, तितकीच कूडा_एफपी१६.एच आवश्यक. ही एक गोष्ट मनात पक्की बसली असती तर माझे पुढचे कितीतरी तास वाचले असते.

डेव्हल इमेज घेतली की एरर जाते, पण इमेज काही जीबींनी फुगते आणि प्रत्येक नोडवर ती ओढायला वेळ लागतो. तपासापुरती डेव्हल घ्या. कायमचा उपाय म्हणून रनटाइम इमेजच ठेवा आणि तिच्यात फक्त हेडरांचं पॅकेज घाला, पिपचं किंवा एपीटीचं कूडार्ट-डेव्ह. हेडरं म्हणजे मजकुराच्या फाइली, त्यांचं ओझं फार नसतं.

सिस्टिमची हेडरं देऊ नका

नाव एसटीडीइंट.एच, सीमॅथ, लिमिट्स, टाइप_ट्रेट्स यांपैकी असेल तर गोष्ट वेगळी. ही सी आणि सी++ची प्रमाण हेडरं, आणि ती कूडाच्या फोल्डरात नाहीतच. इथे सगळ्यात मोहाचा उपाय म्हणजे डॅश-आय लावून /यूएसआर/इन्क्लूड देणं. मी दिला. एसटीडीइंटची एरर गेली आणि तिच्या जागी पडदाभर नव्या एरर आल्या. आधी आतल्या बिट्स फोल्डरातलं कुठलंसं हेडर मिळेना, तेही दिलं. मग एनव्हीआरटीसी म्हणू लागला की अमुक फंक्शनवर डिव्हाइस, होस्ट, ग्लोबल यांतली एकही खूण नाही, म्हणून ते होस्टचं धरलं जाईल, आणि जिट मोडमध्ये, म्हणजे रनटाइमला कंपाइल करताना, होस्ट (सीपीयूचं) फंक्शन चालत नाही.

म्हणणं रास्त आहे. जीलिबसीची, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीची, हेडरं सीपीयूसाठी लिहिलेली. एनव्हीआरटीसीकडे सीपीयूची बाजूच नाही, त्यामुळे तिथलं प्रत्येक साधं फंक्शन त्याच्या दृष्टीनं चुकीचं. यावर ‘डिफॉल्ट-डिव्हाइस’ नावाचा ऑप्शन आहे. खूण नसलेलं सगळं जीपीयूचं समजा, असं तो सांगतो. तुमच्या स्वतःच्या छोट्या हेडरसाठी तो ठीक. सिस्टिमची हेडरं गिळवण्यासाठी तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका उबुंटूवर कसंबसं जमलेलं दुसऱ्या उबुंटूवर मोडतं, आणि तेव्हा लॉग वाचवत नाही इतका लांब असतो. उबुंटूच्या भांडारातलं टूलकिट वापरणाऱ्यांना तर हा त्रास न मागता होतो, कारण त्यांची कूडाची हेडरं आणि सिस्टिमची हेडरं एकाच फोल्डरात आहेत. त्यांनी कूडाच्या हेडरांसाठी पिपचं किंवा एनव्हीडियाचं पॅकेज वेगळं घ्यावं.

बरोबर वाट अशी: एसटीडीइंट.एच ऐवजी कूडा/एसटीडी/सीएसटीडीइंट, लिमिट्स ऐवजी कूडा/एसटीडी/लिमिट्स, टाइप_ट्रेट्स ऐवजी कूडा/एसटीडी/टाइप_ट्रेट्स. ही लिबकूडा++ (एनव्हीडियानं जीपीयूसाठी लिहिलेली सी++ची प्रमाण लायब्ररी) मधली हेडरं, एनव्हीआरटीसीमध्ये चालतील अशीच लिहिलेली. नावं कूडा::एसटीडी या नेमस्पेसमध्ये येतात, एवढा बदल कोडमध्ये करावा लागतो. सीमॅथ तर बहुतेक वेळा नुसतं काढून टाकलं तरी चालतं, गणिती फंक्शनं पोटात आहेतच. आयोस्ट्रीम काढायचंच.

एकच हेडर एनव्हीसीसी आणि एनव्हीआरटीसी दोघांनाही द्यायचं असेल तर ‘कूडासीसी_आरटीसी’ हा मॅक्रो कामाला येतो. पुढे-मागे दोन दोन अंडरस्कोर असतात. एनव्हीआरटीसी कंपाइल करत असेल तेव्हाच तो असतो. त्यावर इफडेफ लावून एका फांदीत प्रमाण हेडर, दुसरीत लिबकूडा++चं.

याच घरातली एक ताजी अडचण. लिबकूडा++, कब आणि थ्रस्ट या एनव्हीडियाच्या तिन्ही सी++ लायब्ररी आता सीसीसीएल या नावाखाली एकत्र आहेत. २०२५ मध्ये आलेल्या कूडा १३.० पासून त्यांची हेडरं टूलकिटच्या इन्क्लूडमधून उचलून आत सीसीसीएल नावाच्या फोल्डरात नेली आहेत. एनव्हीसीसीला हे माहीत आहे, त्याला काही सांगावं लागत नाही. एनव्हीआरटीसीला सांगावं लागतं. १२ वर चालणारा कोड १३ वर ‘कूडा/एसटीडी’ सापडत नाही म्हणाला तर दुसरा डॅश-आय वाढवा, इन्क्लूड/सीसीसीएल असा. क्यूपाय सीसीसीएलची हेडरं स्वतःसोबतच आणतो, त्यामुळे तिथे हे सहसा जाणवत नाही.

स्वतःचं हेडर आणि खोटं समाधान देणारा कॅश

तिसऱ्या वेळी हरवलेलं हेडर माझंच होतं. ऑप्शनमध्ये मी ./इन्क्लूड असा सापेक्ष रस्ता दिला होता. सापेक्ष रस्ता मोजला जातो तो प्रोग्रॅम ज्या फोल्डरातून सुरू झाला तिथून. पायथनची फाइल कुठे आहे याचा संबंध नाही. हातानं चालवताना मी नेहमी प्रोजेक्टच्या फोल्डरात असायचो. सिस्टिमडीची (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप चालवणारी व्यवस्था) सर्व्हिस मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, थेट मुळातून म्हणजे / मधून सुरू होते. तिथे कसलं ./इन्क्लूड!

मी घरी तोच प्रकार करून पाहिला. दुसऱ्या फोल्डरात जाऊन प्रोग्रॅम चालवला आणि तो व्यवस्थित चालला. इथे माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. क्यूपाय कंपाइल झालेली कर्नलं होम फोल्डरातल्या .क्यूपाय/कर्नल_कॅश मध्ये साठवतो. सोर्स तोच, ऑप्शन तेच, म्हणजे कर्नल तेच असं धरून त्यानं साठवलेलं काढून दिलं. कंपायलर उठलाच नाही, मग हेडर हरवलंय हे कोण सांगणार? तेव्हापासून हेडरचा कुठलाही तपास मी ‘क्यूपाय_कॅश_डिर’ एखाद्या रिकाम्या फोल्डरावर वळवूनच सुरू करतो. स्वतःच्या हेडरमध्ये बदल करूनही उत्तरं जुनीच येत असतील तरी हेच करून पाहा. कर्नलचा सोर्स बदललेला नसल्यामुळे जुनंच कर्नल परत मिळत असण्याची शक्यता असते.

रस्ता पूर्ण द्या, आणि तो फाइलच्या जागेवरून कोडमध्येच काढा. ऑप्शन टपलमध्ये एकटाच असेल तर त्यामागचा स्वल्पविराम विसरू नका. विंडोजवर रस्त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स’ची मोकळी जागा असते म्हणून काहीजण आत अवतरणचिन्हं घालतात. ती घालू नका. ऑप्शन शेलमधून जात नाहीत, अक्षर न्‌ अक्षर तसेच पोचतात, आणि अवतरणचिन्ह रस्त्याचाच भाग समजलं जातं.

सी++मध्ये सरळ उपाय म्हणजे हेडरचा मजकूर बायनरीतच भरून प्रोग्रॅम तयार करताना देणं. त्यात एकच पथ्य: दिलेलं नाव इन्क्लूडच्या ओळीतल्या नावाशी हुबेहूब जुळलं पाहिजे. कोडमध्ये ‘गणित/फिल्टर.एच’ असेल आणि तुम्ही नुसतं ‘फिल्टर.एच’ दिलंत तर ते सापडणार नाही. हेडर बरीच असतील तर जिटिफाय ही लायब्ररी पाहा. ती कंपाइल करून बघते, लॉगमधून हरवलेल्या हेडरचं नाव उचलते, फाइल शोधून जोडते आणि पुन्हा कंपाइल करते, सगळी मिळेपर्यंत. पायटॉर्चच्या फ्यूजरनं (अनेक क्रियांचं एकच कर्नल बनवणारा भाग) आणखी वेगळी वाट धरली होती: हाफची लागेल तेवढी व्याख्या स्ट्रिंगमध्येच लिहून टाकली, म्हणजे कूडा_एफपी१६.एच वर अवलंबून राहायलाच नको.

हेडर आहे, पण दुसऱ्याच आवृत्तीचं

चौथी वेळ क्लस्टरवर. फाइल सापडत होती, तरी एरर हेडरच्या आतल्या ओळींवर. लायब्ररी एका मॉड्यूलमधून (क्लस्टरवर सॉफ्टवेअरची आवृत्ती निवडायची सोय) येत होती आणि हेडरं दुसऱ्याच आवृत्तीच्या टूलकिटमधून. नवं हेडर जुन्या कंपायलरला दिलं की त्याला न कळणाऱ्या गोष्टी त्यात निघतात.

आवृत्ती बघायला एनव्हीआयडीआयए-एसएमआय चालवू नका. वरच्या कोपऱ्यातला कूडाचा आकडा म्हणजे ड्रायव्हर कुठवर झेपवू शकतो त्याची मर्यादा. बसवलेल्या टूलकिटची आवृत्ती ती नव्हे. क्यूपायमध्ये कूडा.एनव्हीआरटीसी मधलं ‘गेटव्हर्जन’ विचारा, ते खरी लोड झालेली लायब्ररी सांगतं. ते १२ आणि ४ म्हणालं तर हेडरांचं पॅकेजही १२.४ लाच बांधून घ्या. आणि ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ मध्ये जुनं काही पडून आहे का, तेही पाहा.

हे सगळं करूनही उमगत नसेल तर एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फाइली उघडू पाहतो ते दाखवणारं लिनक्सचं साधन. ‘डॅश-एफ’ आणि ‘डॅश-ई ट्रेस=फाइल’ देऊन प्रोग्रॅम चालवा आणि आउटपुटमध्ये हरवलेल्या हेडरचं नाव ग्रेप करा. कंपायलरनं कुठले कुठले पूर्ण रस्ते ठोठावले ते ‘एनोएंट’ (अशी फाइल नाही) सकट एकाखाली एक दिसतात. तुम्ही दिलेलं फोल्डर त्या यादीत नसेल तर ऑप्शन पोचलाच नाही. असेल, तर तिथे ती फाइल नाही. माझ्या सर्व्हिसमध्ये /इन्क्लूड असा बोडका रस्ता या यादीत दिसला आणि दोन मिनिटांत उलगडा झाला.

एक शेजारची एरर यात मिसळू नका: ‘लिबएनव्हीआरटीसी-बिल्टिन्स’ उघडता आली नाही. तो हेडरचा दोष नव्हे. कंपायलरच्या जोडीची लायब्ररी त्याच आवृत्तीची हवी, ती शेजारी नाही एवढाच अर्थ.

आता मी प्रोग्रॅम सुरू होतानाच एक रिकामं कर्नल कंपाइल करतो. त्यात काम काही नाही, फक्त पुढे लागणारी सगळी इन्क्लूड एकाखाली एक. ते पडलं तर प्रतिमा उघडण्याआधीच थांबायचं आणि लॉग जसाच्या तसा छापायचा. कंटेनर बांधतानाही शेवटची पायरी हीच, पण तिथे तपास बांधणीच्या मशीनवर जीपीयू नसतानाही चालावा म्हणून एनव्हीआरटीसीला थेट बोलावतो. पीटीएक्स बनवायला त्याला कार्ड लागत नाही. मागच्या आठवड्यात बांधणी तिथेच थांबली. नाव होतं क्युरँड_कर्नल.एच. पॅकेजांच्या यादीत एक ओळ वाढवली आणि इमेज पुन्हा बांधली.